सदर यांचं, अक्षर माझं

आधीच सांगून टाकते, मी फार शिकलेली नाही. सातवी पास, तीही लातूरला मामाकडे राहून. पण आमच्या हैद्राबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरात धड मराठी लिहिता येणारं माणूस एकच, आणि ते मी. तुम्ही म्हणाल, असं कसं बाई, तुमचे नामदेवराव तर 'मूसाकाठ' या मराठी पाक्षिकात सव्वीस वर्षं सिनेमाचं सदर लिहितात. लिहितात कुठले! बोलतात. लिहिते मी.

यांची शाळा भालकीची, निजामाच्या राज्यातली. अलिफ-बे पासून मॅट्रिकपर्यंत सगळं उर्दूत. घरात मराठी, शेतात मराठी, पाटी मात्र उर्दू. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होऊन रिटायर झाले, तरी देवनागरी वाचायची म्हणजे अक्षराला अक्षर लावत बसतात. लिहायची तर बातच सोडा. सिनेमाला जाताना कॅलेंडरची फाडलेली पानं खिशात घेतात आणि अंधारात त्यांच्या मागच्या बाजूला उजवीकडून डावीकडे भराभर टिपणं काढतात. मग दुपारी जेवण झालं की खिडकीकडे तोंड, माझ्याकडे पाठ, आणि सुरू. मी जमिनीवर पाट मांडून लिहायचं. लिहून झालं की बसने कोठी भागात छापखान्यात जाऊन केशवरावांच्या हातात द्यायचं, तेही मीच. केशवराव म्हणजे 'मूसाकाठ'चे संपादक, छपाईवाले आणि शिपाई. अंक आला की मी मोठ्याने वाचायचं आणि यांनी डोळे मिटून ऐकायचं. सव्वीस वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. एकदा 'भिकार' हा शब्द फार वाटला म्हणून 'सुमार' लिहू का विचारलं, तर आठ दिवस बोलले नाहीत.

घरातला तिसरा माणूस आमचा मुलगा कुलदीप. तो इंग्रजी शाळेतला. मराठी फडाफडा बोलतो, मध्ये तेलुगू, मध्ये हैद्राबादी, पण वाचायला दिलं की दुकानाच्या पाटीपुढे सरकत नाही. लहानपणापासून यांचं सदर त्याने माझ्या तोंडूनच ऐकलं. सिनेमाचं खूळ त्याच्या डोक्यात त्या सदरानेच घातलं, आणि नंतर 'पोरगं वाया गेलं' म्हणायला हेच पुढे.

आठ वर्षं त्याने दुसऱ्या दिग्दर्शकांच्या हाताखाली काढली. सत्त्याण्णवच्या जुलैत, चार तारखेला, शुक्रवारी, त्याचा स्वतःचा पहिला सिनेमा लागला. 'मसक वेलुगु', म्हणजे अंधुक उजेड. तेलुगू सिनेमा. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी एक मुलगी असते. लाइनवरच्या एका आवाजाच्या ती प्रेमात पडते, आणि त्याच लाइनवर तिला एका खुनाचा बेत ऐकू येतो. मग कळतं की खून करणारा आणि आवाज दोन्ही एकच. सगळ्या सिनेमाभर धुकं, ओल्या गल्ल्या, दिव्याचे पिवळे डाग. आम्ही तिघं पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला गेलो. हे कडेच्या खुर्चीवर, मांडीवर कॅलेंडरची पानं. मुलाचा सिनेमा म्हणून टिपणं काढायची सोडली नाहीत.

शनिवारपासून पेपर यायला लागले. एका तेलुगू पेपरने मथळाच दिला, 'मंचु एक्कुव, कथ तक्कुव'. धुकं जास्त, गोष्ट कमी. इंग्रजीवाल्याने लिहिलं की वातावरण सुंदर आहे, पण वातावरणाला पँट-शर्ट घालून उभं केलं म्हणून त्याचा नायक होत नाही. आणखी एकाने प्रेक्षकांना बॅटरी घेऊन जायचा सल्ला दिला. मेले उंटावरून शेळ्या हाकणारे! आठ वर्षं पोरगं उन्हात राबलं आणि या पेपरवाल्यांनी आठ ओळींत निकाल लावला. आणि सगळ्यांनी मिळून एका जागेवर बोट ठेवलं. म्हणे, शेवटाकडे त्या मुलीच्या हातात टेलिफोनची वायर आहे, समोर त्याच्या लाइनचा दिवा लुकलुकतोय, आणि चार मिनिटं पडद्यावर काहीच घडत नाही.

पुढच्या गुरुवारी सिनेमा उतरला. तोवर मी तो आणखी दोनदा बघून आले होते. भाजीला जाते सांगून. तिसऱ्या वेळी बाल्कनीत मी धरून नऊ माणसं होती. ती चार मिनिटं आली तेव्हा पुढच्या दोघांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र श्वास घ्यायचं सुचेना. घडत नाही काय? ती बाई विचार करत असते. जोडू की नको. जोडलं तर त्याचा आवाज ऐकायला मिळेल, नाही जोडलं तर एक जीव वाचेल. इतकं सगळं चाललंय आणि या लोकांना दिसत नाही! मी घरी आले ती भाजी न घेताच आले, आणि यांनी विचारलं तेव्हा मंडई बंद होती म्हणून ठोकून दिलं.

कुलदीप तोवर माडीवरच्या खोलीत अंथरूण धरून होता. दाढी नाही, आंघोळीचा पत्ता नाही. मित्रांचे फोन आले की 'नाही म्हणून सांग'. त्याचा मित्र विक्रम दिलसुखनगरला कॉम्प्युटरचे क्लास चालवतो. त्याने निरोप धाडला होता, सोळा तारखेला नवीन बॅच आहे, सहा महिन्यांत शिकवतो, वर्षाच्या आत अमेरिका. गल्लीतली चार पोरं अशीच गेली. त्यांच्या आया आता रविवारी फोनजवळ बसून असतात.

एका संध्याकाळी मी चहा घेऊन वर गेले तर तो म्हणाला, "आई, बाबांचं सदर येऊ दे. बाकीच्यांना मी मोजत नाही. बाबा झूट बोलत नाहीत. त्यांनी सिनेमा बेकार म्हटलं तर सोळा तारखेला मी विक्रमकडे बसतो. आणि मग सिनेमाचं नाव काढायचं नाही, कुणीच."

मी म्हटलं, खाली जा आणि विचार की त्यांना तोंडाने. पण आमच्या घरचा नियम त्यालाही ठाऊक. सदर छापून येईपर्यंत त्या सिनेमाबद्दल घरात बोलायचं नाही. पोराचा सिनेमा असला म्हणून काय झालं! बाप-लेक समोरासमोर बसून वरण-भात जेवायचे आणि बोलायचे कशावर, तर नळाला पाणी किती वाजता आलं यावर. मध्ये माझा जीव टांगणीला.

दहा तारखेला, दुपारी जेवणं झाल्यावर, हे खिडकीपाशी उभे राहिले. मी पाट मांडला. कुलदीप वर झोपलेला. हातात कॅलेंडरची सात-आठ पानं होती, नेहमी तीन-चार असतात. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण माझं लक्ष यांच्या आवाजाकडे.

पहिलं वाक्य सिनेमाचं नाव, दिग्दर्शकाचं नाव. 'माझा मुलगा' असा शब्द नाही. दुसरं वाक्य, पूर्वार्ध विस्कळीत आहे. तिसरं, खुनी कोण हे तिसऱ्या रिळातच समजतं. मी लिहीत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हटलं, चालू द्या. मग चौथं आलं. "या दिग्दर्शकाने आधी माणूस बघायला शिकावे आणि मग सावलीच्या मागे लागावे."

माझ्या कानात गरम शिसं ओतल्यासारखं झालं. माणूस बघायला शिकावे! सव्वीस वर्षं हा माणूस माझ्याकडे पाठ करून उभा राहतो आणि माझ्या पोराला माणूस बघायला शिकवतो! वर ते पोरगं आढ्याकडे बघत पडलंय, त्याचं पुढचं सगळं आयुष्य या कागदावर आहे, आणि लेखणी माझ्या हातात. मी ते वाक्य लिहिलंच नाही. ते पान काढून पाटाखाली सारलं, नवीन घेतलं आणि लिहायला लागले. माझं. हे पुढे अर्धा तास बोलत होते, पण त्यातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. मीही अर्धा तास लिहीत होते. त्या मुलीबद्दल लिहिलं, तिच्या हातातल्या वायरीबद्दल लिहिलं. बाईला काही ठरवायचं असलं तर चार मिनिटं लागतात, आणि ती चार मिनिटं तिला कुणी देत नाही, या सिनेमाने दिली, असं लिहिलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. खाली नेहमीसारखं यांचं नाव घातलं.

दर वेळी हे 'वाचून दाखव' म्हणतात. त्या दिवशी म्हणाले नाहीत. पानं खिशात घातली, "देऊन ये" म्हणाले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मला वाटलं, बरं झालं, मनाला लागलंय यांच्याही.

कोठीला केशवरावांनी उभ्या उभ्या वाचलं. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं की वहिनी, साहेबांनी कौतुक केलंय, लोक बाप म्हणून केलं म्हणतील, चालेल ना त्यांना? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सव्वीस वर्षं ज्या माणसाने कुणाची भीडभाड ठेवली नाही, त्याच्या नावावर मी हे काय करून बसले! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कागद परत मागायला तोंड उघडलं, आणि म्हटलं काय तर, चालेल.

पुढचे पाच दिवस माझे मला माहीत. दूध दोनदा उतू गेलं. पोस्टमनची सायकल वाजली की मी दारात. रात्री हे कूस बदलायचे, मीही बदलायची. किती वेळा ओठांवर आलं, अहो, मी असं असं केलंय. पण सांगितलं असतं तर हे चप्पल घालून तडक कोठीला गेले असते, छपाई थांबवली असती, आणि सोळा तारखेला माझं पोरगं दिलसुखनगरला. मग गप्पच बसले. एका मनाला वाटायचं अंक येऊच नये, दुसऱ्याला वाटायचं आत्ताच्या आत्ता यावा.

पंधरा तारखेला सकाळी दहाला अंक आला. मी तो पदराखाली घेऊन स्वयंपाकघरात चालले होते, एवढ्यात कुलदीप जिना उतरला. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. समोर येऊन बसला. हे आधीच आरामखुर्चीत, डोळे मिटून.

"वाच, आई," कुलदीप म्हणाला.

आता करू काय? दोघांतल्या एकालाही माझ्या हातातला कागद धड वाचता येत नव्हता. छापलेलं वाचलं तर हे ऐकताहेत. यांचं वाचावं, तर मला त्यातली चारच वाक्यं ठाऊक, आणि चौथं मुलाच्या तोंडावर वाचायचं धाडस कुणात आहे? मी चष्मा पुसला. परत पुसला. मग छापलं होतं ते वाचायला लागले.

पहिल्या तीन ओळींतच यांचे डोळे उघडले. माझ्याकडे टक लावून बघायला लागले. मी मान वर केली नाही. वाचत गेले. शेवटी यांचं नाव वाचलं आणि अंक मांडीवर ठेवला. कुलदीप खूश होईल, उठून पाया पडेल, अशी माझी वेडी समजूत. तो जागचा हलला नाही.

"हे बाबांचं नाही," तो म्हणाला. "मी पाळण्यात होतो तेव्हापासून ऐकतोय. बाबा असं बोलतच नाहीत."

मी यांच्याकडे बघितलं. आता फुटणार, घर डोक्यावर घेणार. हे खुर्चीत सरळ झाले, धोतराचा सोगा नीट केला आणि म्हणाले, "माझ्या नावाने छापलंय ना? मग माझंच आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसाच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं खोटं. तेही माझ्यासाठी. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या.

कुलदीपने बापाच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. कॅलेंडरची पानं अजून तिथेच होती. म्हणाला, तुमचंच असेल तर तुमच्या कागदावरून वाचा, मला तेच ऐकायचंय. हे नको म्हणाले. त्याने परत सांगितलं. मी मध्ये पडून म्हटलं की चूक माझी आहे, मी ऐकलंच नाही, मला राग आला आणि मी माझंच लिहिलं. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही.

मग यांनी पानं काढली. उर्दूतलं बघून मराठीत सांगायला लागले, अडखळत, आणि या वेळी खिडकीकडे नाही, मुलाच्या समोर. विस्कळीत पूर्वार्ध आला. तिसरं रीळ आलं. माणूस आणि सावली आली. डोंगरावरचं गाणं कुणाच्या तरी दबावाखाली चिकटवलंय, ते आलं. नायकाला चालतादेखील येत नाही, हेही आलं. कुलदीप एकेका वाक्याला मान हलवत होता. मला वाटलं उठावं आणि ती पानं चुलीत घालावीत. मग यांनी सातवं पान उलटलं.

"मुलीच्या हातात वायर आहे तिथे कॅमेरा चार मिनिटं हललेला नाही. लोक हसत होते. सव्वीस वर्षं मी सिनेमे बघतो आहे, एवढा धीर धरणारा दिग्दर्शक मला या गावात भेटला नव्हता. हा सिनेमा पडला, तो पडायलाच हवा होता. पुढचा याच माणसाने करावा, आणि लवकर करावा."

पानं खाली ठेवून हे चष्मा पुसत बसले. कुलदीप दोन्ही हातांत तोंड घालून रडायला लागला, खांदे हलवत. गेले अकरा दिवस जे साचलं होतं ते सगळं बाहेर आलं. मी धुमसत होते ती वेगळ्याच गोष्टीवर. हे वाक्य, हे असलं वाक्य, मी पाटावर बसले असताना माझ्या डोक्यावरून गेलं होतं. मी त्याला वाचवायला निघाले होते, आणि जे त्याला तारणार होतं तेच मी लिहून घेतलं नव्हतं. साऱ्या गावातल्या मराठी माणसांच्या घरी आज माझं गेलं होतं, आणि यांचं या खोलीत तीन माणसांपुरतं राहिलं.

हे म्हणाले, उद्या केशवरावांकडे जाऊन पुढच्या अंकात खुलासा द्यायला सांगतो. मी म्हटलं, द्या, माझं नाव घालून द्या. कुलदीपने डोळे पुसले आणि फोनकडे गेला. विक्रमला त्याने एवढंच सांगितलं की माझी जागा दुसऱ्या कुणाला दे. मग परत येऊन बापाच्या पायाशी बसला आणि तिसऱ्या रिळाचं विचारायला लागला. खुनी कशावरून समजतो, कुठल्या शॉटला. हे हातवारे करून सांगायला लागले. तासभर नुसतं तेच. तोंडाने इतकं बोलताना त्या दोघांना मी कधी बघितलं नव्हतं.

मी चहा ठेवला. तो उकळून उकळून काळा झाला तरी बघत उभी राहिले. जिवाला चैन नाही ते नाहीच. काम झालं होतं की, पोरगं जात नव्हतं कुठे, मग आता काय रुतत होतं मला? कप घेऊन बाहेर आले, दोघांपुढे ठेवले. अंक तसाच जमिनीवर उघडा पडला होता. मी तो उचलून घडी घालायला लागले.

तेव्हा कुलदीपचं लक्ष गेलं. "आई, तुला खरंच आवडला सिनेमा? हे जे लिहिलंस, ते तुझं?"

"हो," मी म्हटलं. "तीनदा बघितला. दोनदा तुम्हाला न सांगता, एकटीने."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मग बाबांच्या नावाने कशाला लिहिलंस? मला सांगायचं ना."

"तू विचारलंस का?" मी म्हटलं. "अकरा दिवस झाले, बाळा. पेपरवाल्यांचं वाचलंस, यांची वाट बघत बसलास. मी रोज दोनदा चहा घेऊन वर येत होते. एकदा तरी विचारलंस का, आई, तुला कसा वाटला?"

त्याने मान खाली घातली. यांनीही घातली. त्या दिवशी चहा कुणी प्यायला नाही.